माझ्याच घरातली माझी घरफोडी

हसणार नसाल तर सांगतो. बघा, अजून मी तोंड उघडलं नाही तोच तुमच्या मिशा हलायला लागल्या! असू दे, हसा. पण चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल. गाढवपणा आयुष्यात सगळेच करतात हो. पण स्वतःच्याच घरात खिडकीतून शिरून, स्वतःच्याच विहीणबाईंचा मार खाऊन, वर त्यासाठी गावाच्या टाळ्या घेतलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नाही ना? मग माझ्याकडे नीट बघून घ्या.

मी मधुकर. मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या अलीकडे आमचं गाव. उभी हयात वाशिंदच्या एका कारखान्यात वॉचमनकी केली. गेटवर माझ्या नजरेतून मुंगी सुटत नसे! आता एवढ्या वर्षांत एकही चोर सापडला नाही, ही गोष्ट वेगळी. आमची सुमन म्हणते, "तिथं न्यायला होतंच काय, म्हनून चोर येत नव्हते." मी म्हणतो, मी होतो म्हणून येत नव्हते. ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

रिटायर झालो, गावी आलो. शिट्टी खिशात राहूनच गेली. आणि शिट्टी खिशात असली की माणसाला ती वाजवावीशी वाटते. इथूनच सगळं सुरू झालं.

मागल्या थंडीतली गोष्ट. म्हशाची जत्रा तोंडावर आलेली. झोडणी उरकून भात घरात आलं होतं, कणग्या भरल्या होत्या आणि जत्रेमुळे रस्त्याला अनोळखी माणसांची ये-जा वाढली होती. त्यात मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागला. म्हणे बायकांची टोळी आलीय! डोक्यावरून पदर घेतात, हातात पिशवी, आणि भरदिवसा मागल्या दारानं घरात शिरतात. कोणी म्हणे शहापूरला दिसली, कोणी म्हणे घाटाखाली दिसली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकही बाबा सापडेना. पण मेसेज मात्र सगळ्यांकडे होता.

मग काय, देवळात सभा भरली. ग्रामसुरक्षा दल काढायचं ठरलं. प्रमुख कोण? अहो, विचारायचं काय त्यात! मी तर शिट्टी गळ्यात घालूनच गेलो होतो.

आमचे पोलीसपाटील दामूदादा, मोठा सबुरीचा माणूस. ते उभे राहिले. म्हणाले, "ऐका रे. घरात चोर शिरला तं आपला जीव वाचवायला जेवढं लागंल तेवढंच हानायचं. तो पडला, पळाला, का हात आवरायचा. कायदा तसाच हाय. उगा जास्त हानलं तं चोर जाईल दवाखान्यात नि तुमी जाल कोठडीत."

मला ते काही पटेना. मी ताडकन उठलो. "वा पाटील! म्हणजे चोराला मोजून मारायचं? माप घेऊन बसू का दारात? अहो, माझ्या घरात जो चोरासारखा शिरला, त्याला आधी रट्टा, मग पत्ता! नाव-गाव नंतर विचारू!"

टाळ्या पडल्या हो! आमच्या चहावाल्या बाळूनं तर बाक वाजवला. मी चेकाळलो. आणखी सांगितलं, तोंडाला रुमाल बांधा म्हणजे चोर नंतर तुम्हाला ओळखून डूख धरणार नाही, चपला काढा म्हणजे आवाज होणार नाही. पुढे मी बऱ्याच टिपा दिल्या.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. आमच्या सुमनचाच. "आनि घरातलाच कोन निघाला तं?"

"घरातला माणूस चोरासारखा कशाला शिरेल?" मी म्हणालो. आणि पुन्हा टाळ्या घेतल्या.

ते वाक्य आठवलं की आजही मला चुलीत तोंड घालावंसं वाटतं.

त्यानंतर आठवड्याभरातच तो दिवस उगवला. दुपारची जेवणं झाली आणि सुमन म्हणाली, "अवो, एवढे तांदूळ घ्या नि गिरणीवर जाऊन पीठ करून आना. काय घाई नाय. येताना दाढी करून घ्या. नि बाळूकडं बसा घटकाभर."

आता तुम्हीच सांगा! जी बाई बाळूच्या टपरीचं नाव काढलं की पातेलं आपटते, ती मला तिथं बसून ये म्हणते! माझ्यातल्या वॉचमननं तिथंच ओळखायला हवं होतं. पण मी खूश! म्हटलं, दलाचा प्रमुख झाल्यापासून घरातही मान वाढला.

गिरणीवर गेलो तर लाइट गेलेली. बाळूकडे गेलो तर तो जत्रेच्या सामानाला गेलेला, टपरी बंद. सलूनमध्ये ही गर्दी. म्हटलं, घरी जाऊन पडू जरा. तांदळाची पिशवी खांद्यावर टाकली आणि आलो परत.

बघतो तर काय! घराला बाहेरून कुलूप!

आमच्या गावात दिवसाढवळ्या घराला कुलूप लावतात होय? माणूस शेतावर गेला तरी नुसती कडी असते. सुमन घरात असायला हवी, सूनबाई योगिता घरात असायला हवी. मुलगा नितीन तेवढा वाशिंदला ड्युटीवर. मग कुलूप कुणी लावलं? आणि कान देऊन ऐकतो तर आतून कुजबुज!

पावलं न वाजवता परसात गेलो. मागलं दार आतून बंद. आणि तिथं कोंबड्या झाकायच्या झापाखाली काय दिसावं? बायकांच्या अनोळखी चपला! लपवून ठेवलेल्या! आता चांगल्या घरची बाई कधी कोंबड्यांखाली चपला लपवील का?

टोळी! मेसेज खरा होता! आणि टोळीनं नेमकं दलप्रमुखाचं घर गाठलं होतं!

खरं सांगतो, आधी माणसं बोलवावीत असं वाटलं. पण मनातून कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो चोर शेवटी माझ्या घरी आला होता, तोही रिटायर झाल्यावर! मी तांदळाची पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. तोंडाला रुमाल बांधला. परसातली बांबूची काठी उचलली. आणि ऐन वेळी हात रिकामे नसले तर पंचाईत नको, म्हणून शिट्टी रुमालाच्या आत दातांत धरून ठेवली. तयारी बघा!

आत जायचं कसं? आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक गज कधीचा सैल आहे. नितीनला सांगून सांगून थकलो होतो, "अरे, तो गज बसव, चोर शिरेल एखादा." तो गज मी काढला आणि आधी डोकं घातलं. डोकं गेलं. छाती गेली. मग पोट आलं. सुमनच्या हातच्या भाकऱ्यांनी तिथं दगा दिला. अर्धा मी घरात मटणाच्या रिकाम्या टोपावर, अर्धा मी बाहेर आळवावर, आणि मधे पोट अडकलेलं. शेवटी श्वास आत ओढला, रेटा दिला आणि हात टेकत कसाबसा आत उतरलो. एक पातेलं घरंगळलं.

माजघरातली कुजबुज एकदम थांबली.

आता थांबून चालणार नव्हतं. आमचं माजघर अंधारं, भर दुपारीही तिथं दिवा लागतो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी काठी उगारली आणि दारावर लाथ मारली.

समोर समई तेवत होती. पाटावर एक बाई, डोक्यावरून पदर, पाठ माझ्याकडे. बाजूला आणखी एक. काठी डोक्याच्या वर, दात शिट्टीवर. फक्त खाली आणायची बाकी होती.

आणि पाटावरच्या बाईनं मान वळवली. योगिता! आमची सून!

माझा हात वरच्या वर थिजला. खोटं नाही सांगत, तो क्षण आजही रोज एकदा तरी आठवतो. तिची मान वळायला पापणी लवण्याइतका उशीर झाला असता तर? एवढा एक विचार मला अजून पुरता सोसत नाही. आधी रट्टा, मग पत्ता म्हणे!

पण तो क्षण काही फार टिकला नाही. कारण दाराआड आणखी एक बाई उभी होती, ती मला दिसलीच नव्हती. पातेलं वाजलं तेव्हाच ती तयार होऊन दाराच्या फटीशी येऊन थांबली होती. तिला काय दिसलं सांगू? तोंडाला रुमाल बांधलेला एक जाडा माणूस, अनवाणी, लेकीच्या डोक्यावर काठी उगारून उभा!

तिनं हातातलं बोचकं गरागरा फिरवलं आणि घातलं की माझ्या टाळक्यात!

बोचक्यात नारळ होता.

मी कोसळलो. कोसळताना छातीतली सगळी हवा बाहेर पडली आणि दातांतली शिट्टी आपोआप वाजली. अशी वाजली, अशी वाजली, की नोकरीत कधी वाजली नसेल! मी पडलो तो नेमका हळदकुंकवाच्या ताटात. ताट उडालं. तांदूळ उडाले. बांगड्या उडाल्या. डोळे उघडून हाताकडे पाहतो तर हात लालभडक.

"रगत! मेलो! मेलो गो सुमन!" रुमालातून मी ओरडलो.

"अगो बया, हा तं आमचाच मानूस!" सुमन किंचाळली. "अवो, रगत कसलं, कुंकू हाय ते! उठा!"

बोचकं घेऊन उभ्या असलेल्या बाईनं जीभ चावली, पदर पुढे ओढला आणि वाकून बघितलं. आमच्या विहीणबाई! योगिताची आई, हिराबाई, वैशाखऱ्याची. घाटपायथ्याची बाई, डोक्यावर भाताचं ओझं घेऊन डोंगर चढलेली. त्या हाताचा नारळ होता तो.

"याहीबुवा, तुमी? नि खिडकीतनं?" त्या म्हणाल्या. "तुमीच सभेत सांगितलंत नं, आदी रट्टा मंग पत्ता! सुमनताईंनी फोनवर सांगितलं व्हतं मला. मी म्हनलं, याहीबुवा बोलले ते बरोबरच असंल."

घ्या! माझंच वाक्य, माझ्याच डोक्यात!

"पण हे चाललंय काय?" मी कण्हत विचारलं. "कुलूप काय, चपला लपवल्यात काय?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सुमनच पुढे झाली, माझ्या टेंगळावरचं कुंकू पदरानं पुसत हळू आवाजात म्हणाली, "चोरओटी हाय. पोरीला तिसरा लागलाय."

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात बायका काही सांगत नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. पोर पोटुशी राहिली की तिसऱ्या महिन्यात तिची आई गुपचूप येते आणि हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या देऊन ओटी भरून जाते. गावात बोभाटा करायचा नाही, नजर लागते म्हणतात. पुरुषांना तर पत्ताच लागू द्यायचा नाही. म्हणून बाहेरून कुलूप, म्हणून मागलं दार, म्हणून चपला कोंबड्यांखाली. आणि म्हणूनच मला गिरणी, दाढी आणि बाळूची टपरी!

मी आजा होणार! डोकं ठणकत होतं, तोंड कुंकवानं माखलं होतं, आणि मी तिथं तांदळात बसून लहान पोरासारखा हसायला लागलो. सांगतो ना, एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. "कुठंय चोर? धरा रे! मागनं जा!" शिट्टीनं तिचं काम चोख केलं होतं. दल येत होतं!

योगितानं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, कुनाला सांगू नका. चार वर्सं झाली लग्नाला. हळदीकुंकवाला गेले का बाया आदी माझ्या पोटाकडं बघायच्या, मंग तोंडाकडं. यावेळी मला जरा शांतपनी राहू द्या. मी सांगेन तवाच सांगा."

आता पोरीनं असा हात धरून काही मागितलं तर नाही म्हणवतं का? आणि माझी ख्याती तुम्हाला माहीत आहे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सुमननं मला कळू दिलं नव्हतं ते ह्याच भीतीनं. पण त्या दिवशी मी ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, ही गोष्ट माझ्या तोंडून फुटणार नाही!

मागलं दार धडाधड वाजायला लागलं. सुमननं भराभरा ताट कणगीमागे सरकवलं. मी दार उघडलं.

दारात निम्मं गाव. बाळू जत्रेचं सामान टाकून आलेला, त्याच्या हातात नवाकोरा झारा. दामूदादा पुढे. मी दारात उभा, तोंडाला लोंबता रुमाल, अनवाणी, डोक्यापासून लाल. मागे तीन बायका.

"मधुभाऊ, रगत किती गेलंय रे!" बाळू ओरडला. "चोर कुठं पळाला?"

आणि माझ्या टेंगुळातून एक कल्पना बाहेर पडली. "चोर नाही," मी छाती काढून म्हणालो. "ड्रिल होती!"

"कसली?"

"सरावाची. घरात चोर शिरला तर बायकांनी काय करायचं, त्याची. चोर मी झालो होतो. रुमाल बघ, पाय बघ, खिडकीचा गज बघ! विहीणबाईंना खास वैशाखऱ्याहून बोलावलं. आणि तुम्ही किती वेळात येता तेही बघायचं होतं. चांगले आलात हो, शाबास!"

दामूदादांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं, माझ्या मागे माजघरात डोकावून बघितलं. मिशीवरून हात फिरवला. "आनि हे रगत?"

"कुंकू आहे. खरं वाटावं म्हणून."

"नि हे टेंगूळ?"

"तेही... खरं वाटावं म्हणून."

"वा!" दामूदादा म्हणाले. "याला म्हनतात तयारी. मंग असं करू, हे सगळ्या बायांना शिकवू. येत्या रविवारी देवळाम्होरं करून दाखवा. हाच चोर, ह्याच विहीणबाई."

अहो, असं कधी झालंय का? खोटं बोलावं एका घटकेसाठी, आणि त्याचा पुढच्या रविवारी जाहीर प्रयोग लागावा!

रविवारी सगळं गाव जमलं. मी म्हणालो, डोक्यावर हेल्मेट घालतो. बाळू म्हणतो, "चोर काय हेल्मेट घालून येतो व्हय?" मी म्हणालो, नारळाऐवजी कपड्याचा चेंडू घेऊ. बायका म्हणाल्या, "खरं वाटलं पायजे!" शेवटी खरा नारळ. मी तोंडाला रुमाल बांधून शिरलो आणि विहीणबाईंनी घातला. त्यांच्यामागून एकेक बाई पुढे येऊन शिकायला लागली. कुणी लाटणं आणलेलं, कुणी सूप. माझ्या भावजयीनं तर कुठला तरी जुना हिशेब चुकता करून घेतला, हे मला त्या फटक्यावरूनच कळलं. दामूदादा बाजूला उभे राहून कायदा शिकवत होते. "बास गो! पडला तो! आता मारलंस तं गुन्हा तुझा! चोर पळतोय, पळू दे त्याला!" सभेत त्या माणसाला मी किती नावं ठेवली होती! आणि आता जमिनीवर पडल्या पडल्या मी मनात म्हणत होतो, देवा, ह्या कायद्याला उदंड आयुष्य दे. घरात शिरलेल्याला अडवा, जीवावर आला तर हाणा, पण मोजून हाणा हो! माप पाहिजेच!

तुम्हाला म्हणून सांगतो, आता ह्या विषयावर मला कोणी मत विचारलं तर मी म्हणतो, आधी एक हाक मारा. "कोन हाय रे?" एवढं विचारायला काय जातं?

प्रयोग गाजला. पलीकडच्या पाड्यावरून बोलावणं आलं. तिथंही गेलो. पाड्यावरच्या बायका रोज रानातून मोळी आणणाऱ्या. त्यांचा हात काय सांगू! पण त्यांच्या आधी विहीणबाईंनी मारलेला नारळ जो होता, तो पहिल्यापेक्षाही जबर. नारळ जागच्या जागी फुटला. मला चांदण्या दिसल्या. लोकांनी खोबरं वाटून खाल्लं.

रोज बाळूच्या टपरीवर गेलो की कोणी ना कोणी विचारायचाच, "मधुभाऊ, ती ड्रिल कशी सुचली रे तुला? परत सांग की." मी सांगायचो. दर वेळी दोन शब्द वाढवून. वरच्या साहेबांशी बोलणं झालंय इथपर्यंत माझी मजल गेली. लोक मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे, एखादा मध्येच खोकत बाहेर जायचा. पण एक फायदा झाला. विहीणबाई ड्रिलच्या नावाखाली उघडउघड यायला लागल्या. पिशवीत वर नारळ, खाली लेकीसाठी लाडू. योगिताच्या गालावर तजेला आला. हळदीकुंकवाला गेली तरी कुणी काही विचारलं नाही. मी मनात म्हणायचो, मध्या, टेंगळं वसूल झाली रे!

पाचवा महिना लागला. एका सकाळी योगितानं मला चहा दिला आणि म्हणाली, "बाबा, आता सांगा गावाला. तुमीच सांगा. एवढं सांभाळलंत, तुमचाच मान."

चहा तसाच ठेवून मी उठलो. उघड ओटी भरायचा बेत ठरला, अंगणात मांडव पडला, गाव जेवायला बोलावलं. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. पंगत बसली, वाढायला सुरुवात झाली आणि मी माइक हातात घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "आज एक मोठं गुपित फोडतो. त्या दिवशी आमच्या घरी ड्रिल नव्हती! आमच्या योगिताची चोरओटी होती. मी आजा होणार आहे!"

मी थांबलो. टाळ्यांची वाट बघत.

कोणी हललं नाही. मग बाळूनं पानातला लाडू उचलला आणि म्हणाला, "बरं. वाढा आता."

"बरं काय? अरे, आजा होणार मी!"

"ते आमाला त्याच दिशी कळलंय, भाऊ. तुझ्या केसात तांदूळ, कानावर हिरवी बांगडी लटकलेली, नि माजघरात पाट नि समई. अशी ड्रिल असतीय व्हय?"

बायकांतून माझी भावजय म्हणाली, "नि आमाला तं त्याच्याआदीच! पोर नळावर आली का उमासे दाबत तोंड फिरवायची, आमाला डोळे नायत का? पन पोरीनं सोता सांगंतोवर कोनी तोंडातनं शब्द काढायचा नाय, असा आमी सगळ्यांना दम भरला व्हता."

योगिता पदरात तोंड लपवून रडत होती आणि हसतही होती. मी दामूदादांकडे वळलो. "पाटील, तुम्ही सुद्धा? मग माझी देवळासमोर आणि पाड्यावर वरात कशाला काढलीत?"

"ड्रिल चांगली व्हती की," दामूदादा शांतपणे म्हणाले. "बाया शिकल्या."

"नि मजा बी येत व्हती," बाळू म्हणाला.

मांडव नुसता हसत होता. आता राहिल्या विहीणबाई. त्या वाढायला उभ्या होत्या. त्या तरी माझ्या बाजूच्या असतील म्हणून मी विचारलं, "विहीणबाई, गावाला माहीत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"देवळापासनंच," त्या पानाकडे बघत म्हणाल्या.

"मग पाड्यावर तो नारळ एवढ्या जोरात का हाणलात? घरात मी खरा चोर वाटलो होतो, तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं!"

विहीणबाईंनी माझ्या पानात लाडू वाढला आणि पदर सावरला. "याहीबुवा, घरचा नारळ लेकीच्या ओटीचा व्हता. फुटला असता तं अपशकुन. म्हनून हात आखडून मारला. पाड्यावरचा फुटला तरी चालत व्हता."

माझ्या डोक्याचं काय, हे मात्र अजूनपर्यंत कुणी बोललेलं नाही.